हजेरीपटावर एक नाव

३ फेब्रुवारी

ताई,

फोनवर तू म्हणालीस, "तू गोड बोलतोस आणि मी हो म्हणून बसते. जे काय आहे ते कागदावर लिही." म्हणून लिहितोय. शाळा सुटल्यापासून तुला पत्र लिहिलं नव्हतं, तेव्हा शुद्धलेखन काढू नकोस.

मी नोकरी सोडली. जानेवारीच्या पंधरा तारखेला. एकोणीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या, आता डोळे थकले. मनही उठलं होतं. भांडण नाही, तंटा नाही. मालकाने हात मिळवून निरोप दिला.

अडचण आहे ती विम्याची. आतापर्यंत दर महिन्याला पगारातून थोडेसे पैसे कापले जायचे आणि मला वाटायचं, तेवढाच तो विमा. नोकरी सुटल्यावर कागद आला. मार्चअखेरपर्यंत तोच विमा चालू ठेवता येईल, पण मालक जो वाटा भरत होता तोही आता मीच भरायचा. आकडा बघून मी पाकीट उलटं करून पाहिलं, दुसऱ्या कोणाचं तर आलं नाही ना. फेब्रुवारीचं कसंबसं भरलं.

मग स्वतःचा वेगळा विमा घ्यावा म्हणून तीन एजंट गाठले. पहिल्याने हिच्या आजाराचं नाव ऐकलं आणि पेनाला टोपण लावलं. दुसरा म्हणाला, विमा देतो, पण सांधे सोडून. सांध्यांसाठी चार वर्षं थांबा. तिसऱ्याने सगळं देऊ केलं आणि महिन्याचा हप्ता सांगितला तो आमच्या घरभाड्याहून जास्त.

तुझ्या लॉन्ड्रीतल्या सात माणसांचा एकत्र विमा आहे, हे तूच मला सांगितलं होतंस. एकत्र विम्यात आधीचा आजार कोणी विचारत नाही. त्यात आठवं नाव माझं घाल. मला पगार नको, मी यायचीही गरज नाही. हप्ता दर महिन्याला तुझ्या हातात आणून देईन. फक्त हजेरीपटावर नाव आणि तुझी एक सही.

हिला सगळं माहीत आहे. तिने नमस्कार सांगितलाय.

तुझा,
धाकटा


९ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र तीनदा वाचलं. एकदा बहीण म्हणून, एकदा धंदेवाली म्हणून आणि एकदा चष्मा लावून. तिन्ही वेळा वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

ज्या माणसाने एकोणीस वर्षांत पावसात भिजल्यावरसुद्धा सुट्टी घेतली नाही, त्याचं मन पंधरा तारखेला अचानक उठतं? आणि तेही घरात बायको आजारी असताना, हातात दुसरं काही नसताना? डोळे थकले म्हणतोस. मग एवढं बारीक अक्षर कोणी काढलं?

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. मालकाशी वाजलं का? काही फोडलंस? उचललंस? पिण्याचं काही आहे का? दुसरी कोणी आहे का? की तुझ्या बायकोने सोडायला लावली? राग येऊ देऊ नकोस, मी सगळंच विचारते. विचारणाऱ्याला उत्तर मिळतं आणि न विचारणाऱ्याला नंतर बिल.

आता "फक्त नाव आणि एक सही" याबद्दल. विमा कंपनीचा माणूस वर्षातून एकदा येतो आणि हजेरीपट, पगारपत्रक ताडून बघतो. गेल्या वर्षी त्याने आमच्या गाडीवाल्याला खाली बोलावून त्याचे दात सोडून सगळं मोजलं. न येणाऱ्या माणसाचं नाव सापडलं तर माझी सही खोटी आणि सातही जणांचा विमा गेला. त्यांतल्या एकीला मार्चमध्ये ऑपरेशन सांगितलंय. तिला काय सांगू, माझ्या भावाचं मन उठलं होतं?

तुझ्या बायकोला नेमकं काय, किती आहे, तेही मला कधी नीट कळलेलं नाही. चार वर्षांपूर्वी मी आले तेव्हा ती दार उघडायला उठली नाही. मी दोनदा बेल वाजवली, मग शेजारणीने उघडलं. ही सोफ्यावरून "या" म्हणाली. सांधे दुखतात म्हणे. माझेही दुखतात. मी रोज सहाशे चादरींमागे उभी असते.

उत्तर पाठव. मोघम नको.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या यादीतलं एकही खरं नाही. फोडलं नाही, उचललं नाही, पीत नाही आणि दुसरी बाई परवडायला आधी पहिलीचा विमा परवडायला हवा.

डोळ्यांचं सांगितलं ते सांगितलं. त्यापुढे विचारू नकोस.

त्या दाराचं मात्र सांगतो, कारण चार वर्षं तू ते डोक्यात ठेवलंयस हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी तिला मूठ वळत नव्हती. कडी गोल होती आणि ती फिरवता येईना. शेजारणीला तिनेच भिंतीवर थापा मारून बोलावलं. तू गेल्यावर मी ती कडी काढून लांब दांड्याची बसवली. तिचं दुखणं सहाशे चादरींनी येणाऱ्या दुखण्यासारखं नाही. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. दर सहा आठवड्यांनी दवाखान्यात सलाईनमधून औषध देतात. ते वेळेवर मिळालं की ती भांडी घासते, कपडे बेतते, माझ्याशी भांडते. उशीर झाला की चमचा धरता येत नाही. पुढची तारीख २० मार्च.

एक विचारतो. तू हे प्रश्न उत्तरासाठी विचारतेस, की नाही म्हणायला कारण मिळावं म्हणून? तुला ती पहिल्यापासून आवडली नाही. तसं असेल तर सरळ लिही, विमा कंपनीच्या माणसाला मध्ये आणू नकोस.

आणि कृपा करून आमच्याबद्दल कुठे चौकशी करत फिरू नकोस. मालकाला तर मुळीच विचारू नकोस.

धाकटा


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

"मालकाला मुळीच विचारू नकोस" असं लिहिल्यावर मी घरी बसेन असं तुला वाटलं? मंगळवारी पहिली बस पकडली. चष्म्याचा स्क्रू आदल्या दिवशी मीच ढिला केला होता.

काउंटरवरच्या बाईला म्हटलं, "इथे एक जण होते ना, एकोणीस वर्षं काचा घासणारे?"

"होते. चांगले होते बिचारे."

"मग गेले का?"

तिने आधी मागे वळून पाहिलं, मग मला खालपासून वरपर्यंत. "तुम्ही विम्यावाल्यांकडून आलात का?"

चष्म्याच्या दुकानात बाईला विमा का आठवावा? मी म्हटलं, "मी त्याची बहीण. मालकाला बोलवा."

मालक आला. मला वाटलं होतं कोणी तरी लबाड दिसेल. आला तो थकलेला माणूस, बाहीवर काचेची पांढरी पूड. मला आतल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

म्हणाला, "मी काढलं नाही त्याला. विमा कंपनीने दोन वर्षांत दोनदा हप्ता वाढवला. त्यांच्या यादीत नाव नसतं, पण दर सहा आठवड्यांनी एक मोठा दावा. अकरा माणसांत तो कोणाचा हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. हप्ता वाढला म्हणून मला पगारवाढ थांबवावी लागली. मग माणसं त्याच्याशी बोलेनाशी झाली. एकाने त्याच्या कपाटावर चिठ्ठी चिकटवली. 'आमची पगारवाढ तुझ्या बायकोच्या सलाईनमध्ये.'"

"आणि तुम्ही काय केलंत?"

"चिठ्ठी काढली. त्याला बोलावून एवढंच म्हटलं, की एप्रिलमध्ये रिन्यू करताना अजून वाढणार आहे, काय करू या? दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा आणला."

"आणि तुम्ही घेतलात."

त्याने बाहीवरची पूड झटकली आणि म्हणाला, "बाई, तुम्हीही धंदा करता ना? तुम्ही काय केलं असतंत?"

मी चष्मा उचलला आणि निघाले. बसमध्ये दीड तास रागाने कानशिलं तापली होती. आधी त्याच्यावर, मग त्या चिठ्ठीवाल्यावर, आणि तुझा थांबा मागे पडला तेव्हा तुझ्यावर.

कारण तुला सगळं माहीत होतं. तिथे अकरा माणसांत जे झालं ते माझ्या सात माणसांत अजून लवकर होणार, हे तू स्वतः भोगून आला होतास. आणि तरी मला लिहिलंस, "फक्त एक सही." मला आधी सांगितलं असतंस तर मी डोकं धरलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, पण विचार केला असता. तू लपवलंस. म्हणजे मला फसवून माझ्या माणसांच्या पगारातून तुझा हप्ता काढायचा होता. आणि हे सगळं तुझ्या बायकोच्या संमतीने, तिच्या नमस्कारासकट!

माझं उत्तर नाही असं आहे.

ताई


१२ मार्च

ताई,

माझं अक्षर लागलं नाही तर शब्द सोडून वाचा, अर्थ लागेल. आज बोटं ऐकत नाहीत.

तुमचं २६ तारखेचं पत्र मला ह्यांच्या कोटाच्या अस्तरात सापडलं. आपोआप नाही, मी शोधत होते. गेले दोन महिने फोन आला की हे गॅलरीत जाऊन बोलतात, मी गेले की गप्प होतात. मला वाटलं, बाईचं पत्र सापडेल. बाईचंच सापडलं, पण तुमचं.

ह्यांनी तुमच्याकडे काही मागितलं हे मला माहीत नव्हतं. मी नमस्कार सांगितला नव्हता. नोकरी का सोडली हेही मला तुमच्या पत्रातूनच कळलं. मलाही डोळ्यांचंच सांगितलं होतं. दोन महिने मी रोज रात्री ह्यांच्या डोळ्यांत थेंब घालतेय. ती बाटली दाबायला मला दोन्ही हात लागतात. हे मान वर करून निमूट घालून घेतात.

त्या चिठ्ठीचं वाचल्यावर मी पत्राची होती तशी घडी घातली. मग ह्यांच्या कोटाला ते अस्तर पुन्हा टाचून ठेवलं. मी वाचलंय हे त्यांना अजून ठाऊक नाही.

मलाही तुमच्याबद्दल राग होता, तो सांगून टाकते. त्या दिवशी दारात तुम्ही दुसऱ्यांदा बेल वाजवलीत ती मला मुद्दाम वाटली होती. तुम्ही गेल्यावर ह्यांना म्हटलं होतं, तुमच्या बहिणीला पुन्हा बोलावू नका. म्हणून चार वर्षं बोलावणं आलं नाही. तो दोष त्यांचा नाही.

तुम्ही नाही म्हणालात ते बरं केलंत. मी तेच सांगायला लिहितेय. त्यांनी पुन्हा विचारलं तरी नाव घालू नका. आणखी एका खोलीत, मी कधी न पाहिलेल्या माणसांनी माझ्या सलाईनच्या बाटल्या मोजाव्यात, हे मला नको आहे.

हे म्हणतात मार्चचा हप्ता भरला. मी कंपनीत फोन केला. भरलेला नाही. तेव्हा २० तारखेला मी दवाखान्यात जाणार नाही. ह्यांना दुपारी कामाच्या शोधात पाठवीन आणि आल्यावर सांगेन, जाऊन आले. इतके दिवस ते माझ्याशी खोटं बोलले, एकदा मी बोलेन. तुम्हाला मात्र खरं लिहिते. तुमचा माझ्यावर विश्वास नव्हताच, त्यामुळे तो जाण्याची भीती नाही.

तुमची भावजय


१६ मार्च

तुला काय म्हणून हाक मारायची हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही, म्हणून तशीच सुरुवात करते.

तुझं पत्र खरं आहे की मला वळवण्यासाठी तुम्ही दोघांनी मिळून लिहिलंय, असा विचार माझ्या मनात आला. लपवत नाही. मी कागद उजेडात धरला. तिसऱ्या ओळीपासून अक्षर उतरत जातं, आणि "थेंब" या शब्दावर पेन दोनदा निसटलंय. असं नाटक मला तरी करता आलं नसतं.

शनिवारी दुपारी मी चादरी दाबायचा रोलर बंद करायला लावला. वाफ निवेपर्यंत थांबले आणि सातही जणांना घडीच्या टेबलाभोवती उभं केलं. सगळं सांगितलं. माझा भाऊ, तुझा आजार, दर सहा आठवडे, ते दुकान, ती चिठ्ठी. तुझी परवानगी घेतली नाही. तुला लाज वाटून घ्यायची तर घे, पण लपवल्यामुळे काय झालं ते आपण तिघांनी बघितलंय. एजंटला विचारून ठेवलं होतं. त्याला कामावर घेतलं तर जुलैमध्ये हप्ता किती वाढेल आणि त्यांची पगारवाढ किती कमी होईल, तेही फळ्यावर लिहिलं.

चादरी निवडणारी लगेच म्हणाली, "बाई, मला तीन पोरं आहेत. ती पगारवाढ मी मनात आधीच खर्च केलीय. मी नाही म्हणते. त्यांच्या बायकोचं वाईट चिंतत नाही, पण नाही."

तिच्याजवळ उभी असलेली मान हलवायला लागली. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगू? थोडं हायसंही वाटलं. माझ्यावर आलं नसतं.

इतक्यात इस्त्रीवाले काका म्हणाले, "एक विचारू? उद्या माझ्या घरात असं काही निघालं तर माझ्या कपाटावर चिठ्ठी कोण लावणार? ही, की तुम्ही?"

ती ऑपरेशनवाली टेबलावरची घडी उलगडून पुन्हा घालत बसली. शेवटी गाडीवाला म्हणाला, "मला विम्याचं कळत नाही. पण माणूस काम करणार असेल तर येऊ दे. बसून खाणार असेल तर नको."

हात वर करायला सांगितले. पाच हो, दोन नाही. ह्या वर्षी मी नवं सुकवणी यंत्र घेणार होते, ते राहू दे. त्यातून त्यांची पगारवाढ अर्धी तरी देता येईल.

आता तुझ्या नवऱ्याला सांग. खोटं नाव घालणार नाही. सोमवार, पहिल्या बसने यायचं, सात वाजता रोलरवर उभं राहायचं, नवख्याचा पगार घ्यायचा. मालकिणीचा भाऊ म्हणून कोणी चहा आणून देणार नाही. विमा एक एप्रिलपासून लागेल. आणि डोळ्यांत थेंब घालणं बंद कर. त्याला सांगून बंद कर. मला त्याचं तोंड बघायचं होतं, पण ते तुझ्या वाट्याचं.

राहिली २० तारीख. ती विम्यात बसत नाही. त्या दिवशी सकाळी नऊला मी तुझ्या दारात असेन. एकदाच बेल वाजवीन, तुला लागेल तेवढा वेळ लागू दे. त्या दिवसाचं बिल माझ्याकडे. उपकार म्हणू नकोस, मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय की ते औषध खरंच किती तास चालतं. मी सांगोवांगीवर विश्वास ठेवत नाही.

ताई


१८ जुलै

अगं,

हे पत्र तुझ्या नवऱ्याच्याच हाती देतेय. पाकीट चिकटवलंय आणि जोडावर सही केलीय. फाटलेलं दिसलं तर मला कळव.

विम्याचं रिन्यू झालं. एजंटने सांगितलं होतं त्याहून थोडं जास्तच वाढलं. चादरी निवडणारी ३० तारखेला काम सोडतेय. पलीकडच्या रस्त्यावरच्या लॉन्ड्रीत जास्त देतात. मी अडवलं नाही. जायच्या आधी तुझ्या नवऱ्याला ती रोलरची पट्टी कशी घट्ट करायची ते शिकवतेय, कारण त्याला अजून जमत नाही. काम बरं करतो. पहिला महिना सगळे त्याच्याकडे तिरके बघत होते आणि तो सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जात होता, अपराध्यासारखा. एके दिवशी काका त्याला म्हणाले, "अहो, वेळेवर जा. तुमच्यामुळे आम्ही कामचुकार दिसतो." तेव्हापासून वेळेवर जातो.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्यासाठी. कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुला सांगते.

गेल्या मंगळवारी एजंटने वर्षभरातल्या दाव्यांची यादी पाठवली. नावं नसतात, फक्त तारखा आणि रकमा. मी दार लावून ती वाचायला बसले. पेन्सिल घेतली. तुझ्या तारखांवर खूण केली. मग गाडीवाल्याचे दात ओळखले, त्या ऑपरेशनवालीचे दोन दिवस ओळखले. मग एक दावा राहिला. लहानच. तो कोणाचा असेल म्हणून मी काचेतून बाहेर बघायला लागले. कोण बारीक झालंय, कोण जास्त वेळा पाणी पितं, कोणाला धाप लागते. काका वाकून कॉलर दाबत होते. मी त्यांचा श्वास मोजायला लागले.

आणि मला तो चष्म्यावाला आठवला. मी त्याला मनात इतके दिवस वाईट ठरवून ठेवलं होतं. तो वाईट नव्हता गं. त्याच्या टेबलावर ही यादी होती आणि तो मोजायला लागला होता. मोजायला लागलं की माणूस दिसत नाही, आकडा चालताना दिसतो.

मी आयुष्यभर सगळं कागदावर मागितलं. ज्याचा कागद नाही ते खरं नाही, असंच मानत आले. तरी एजंटला फोन केला आणि म्हटलं, पुढच्या वर्षीपासून मला फक्त एकूण आकडा पाठवायचा. कशाचा किती, ते नको. तो म्हणाला, "बाई, लोक तर ही यादी मागून घेतात." म्हटलं, घेऊ देत. मला माझ्या माणसांकडे बघायचंय. ही यादी बॉयलरच्या भट्टीत टाकली. तो शेवटचा दावा कोणाचा होता ते मला अजून माहीत नाही, आणि खरं सांगते, जीव खातंय ते माझा.

तुझी पुढची तारीख जवळ आली असेल. ती मी यादीतून नाही, तुझ्याकडूनच ऐकणार. हात कसे आहेत ते स्वतःच्या हाताने लिही. दुखत असेल तर दुखतं म्हण. "बरी आहे" असं लिहून मला टाळू नकोस, तुझं अक्षर आता मला वाचता येतं.

तुझी,
ताई